पायरीचा दगड

ओल्डहॅम, इंग्लंड
२ नोव्हेंबर १९५२

प्रिय प्रेमला,

चारचौघांत तू माझी वहिनी, पण शाळेत आपण एका बाकावर बसलोय, तेव्हा कागदावर तू प्रेमलाच. आधी भांडून घेते. वर्षभरात तुझं एकच पत्र, तेही दादाची बदली जालन्याहून भोकरदनला झाली आणि तुम्ही आता अण्णा-आईंजवळ राहायला गेलात एवढंच सांगणारं. आई कशी आहे, काय बोलते, गुडघा दुखतो का, काही न्हाई. तुला काय, स्वयंपाकघरात गेलं की आई. मला विचार.

अण्णांना मी तीन पत्रं पाठवली. तिन्ही परत आली. पाकिटावर जांभळ्या शाईत त्यांचंच वळणदार अक्षर, ‘घेण्यास नकार’. तीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाला नकार कुठं आणि कसा लिहायचा ते बराबर ठाऊक. मी वेडी, ती पाकिटं जपून ठेवलीत. टॉमसनं विचारलं, कशाला? म्हटलं, माझ्या वडिलांचं अक्षर आहे ते.

इथलं सांगते. विटांच्या घरांची एकसारखी रांग, अंगण न्हाई, दार उघडलं की एक दगडी पायरी आणि लगेच रस्ता. गिरण्यांच्या धुरानं साडीचे काठ संध्याकाळपर्यंत काळे होतात. सोमवारी सगळ्या गल्लीचं धुणं. मी पहिल्या आठवड्यात मंगळवारी धुतलं, तर बाया खिडकीतून माझ्याकडं अशा बघत होत्या, जशी मी कुणाचं तेरावं बुडवून आले. आणि शुक्रवारी पायरी. ती घासायची, आणि ओली असतानाच तिच्या कडेवर एक मऊ दगड फिरवायचा, म्हणजे पांढरी रेघ उमटते. हा दगड विकत घेत न्हाईत. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी आपली बोहारीण असते ना, तसा इथं हातगाडीवाला येतो, चिंध्या घेतो आणि दगड देतो. आत कशी बाई राहते ते गल्ली त्या रेघेवरून ठरवते.

पाडव्याला मी त्याच दगडानं पायरीपुढं रांगोळी काढली. आठ पाकळ्यांचं कमळ, चार गोपद्मं. आत जाऊन दिवा लावून आले तर शेजारच्या हॉवर्थबाई बादली घेऊन, गुडघे टेकून, ती खसाखसा पुसत होत्या. साठीच्या बाई, जन्म गिरणीत गेला. त्यांना वाटलं, पोरासोरांनी गिरगटा केलाय आणि मला वाकवत न्हाई, म्हणून त्यांनी माझ्यावर उपकार केला. मी दारात उभी राहून रडले. त्या घाबरल्या, घरी गेल्या आणि चहा घेऊन आल्या. दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना.

वाकवत न्हाई, हे बराबर वाचलंस. पाचवा चाललाय. मार्चमध्ये. आईला सांग. अण्णांना सांगायचं का ते तू ठरव. ‘या पायरीवर पुन्हा पाय ठेवायचा न्हाई’ असं ते म्हणाले होते, आणि मी इथं दर शुक्रवारी पायरी घासताना तेच ऐकत असते.

तुझी सुहास


भोकरदन
८ डिसेंबर १९५२

प्रिय सुहास,

भांडलीस ते बरं केलंस, कान तृप्त झाले. पत्र लिहीत नव्हते कारण मला तोंड न्हाई. जालन्यात तू आमच्याकडं राहून शाळेत शिकवत होतीस, समोरच्या जिनिंगात मशिनी बसवायला तुझा तो गोरा टॉमस आल्ता, आणि प्यायचं पाणी मागायला पहिल्यांदा दारात आला तेव्हा तांब्या मीच दिला. अण्णांनी आजवर मला एका शब्दानं बोल लावला न्हाई. लावला असता तर बरं झालं असतं.

निजामाचं टपाल गेलं, अण्णा घरी बसले, पण कचरू पोस्टमन अजून गावाचा थैला आधी आपल्या ओट्यावर आणतो. अण्णा चष्मा लावून गल्लीवार पत्रं लावून देतात, मंग तो वाटत फिरतो. नवे पोस्टमास्तर बिचारे काही बोलत न्हाईत. तुझं पाकीट अण्णांच्याच हातात पडलं. वर माझं नाव, त्यामुळं नकार लिहिता येईना. त्यांनी ते माझ्या पोळपाटाखाली सारलं आणि बाहेर गेले. दुसऱ्याचं पत्र उघडायचं न्हाई आणि अडवायचं न्हाई, हा त्यांचा कायदा. त्या कायद्यावर आपल्या दोघींचं चाललंय.

आईंना सांगितलं तेव्हा त्या तुरीच्या शेंगा सोलून राह्यल्या होत्या. तशाच उठल्या, देवापुढं साखर ठेवली, आणि मंग सुरू झालं. तिथं डिंक मिळतो का, ओवा मिळतो का, तिथल्या बायांना शेक द्यायला येतो का. मी म्हटलं सगळं मिळतं. मला काय माहीत. गुडघा दुखतो, पण तुझी खबर आल्यापासून बिलकुल बोलल्या न्हाईत त्याबद्दल.

आता एक गोष्ट. येत्या वैशाखात धोंड्याचा महिना आहे. लग्नानंतरचा तुमचा पहिला अधिक. आई जेवताना अण्णांना म्हणाल्या, जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण द्यावं लागेल. वाण द्यायचं म्हणजे जावई म्हणून मान्य करायचं, हे त्यांनाही कळतं आणि अण्णांनाही. अण्णा हात धुऊन उठले. ताटात भात तसाच होता.

आणि त्या हॉवर्थबाईंवर रागावू नकोस. रांगोळी पुसली तर पुसली, पोटुशीसाठी गुडघे टेकणारी शेजारीण सांभाळून ठेव. डोहाळे काय लागलेत ते लिही. मी इथं खाईन तुझ्या वाटचं.

तुझी प्रेमला


ओल्डहॅम
२० फेब्रुवारी १९५३

प्रिय प्रेमला,

थंडी फार आहे. नळातलं पाणी गोठतं, टॉमस सकाळी किटलीतलं गरम पाणी ओतून तो मोकळा करतो. त्याचा खोकला आता बरा आहे.

गेल्या सोमवारपासून मी गिरणीत कामाला जायला लागले. हॉवर्थबाईंनी लावून दिलं. आठ तास उभं राहायचं. यंत्रांचा आवाज एवढा की बोललेलं ऐकू येत न्हाई, म्हणून बाया ओठ हलवून नुसत्या बघण्यावर बोलतात. मला ते सोपं जातं. उच्चार चुकला तरी कुणाला कळत न्हाई.

अण्णांनी कधी माझं नाव काढलं का? खरं लिही.

बाकी सगळं ठीक.

सुहास


भोकरदन
१४ मार्च १९५३

सुहास,

मार्चमध्ये बाळंत होणारी बाई फेब्रुवारीत आठ तास उभी राहून गिरणी चालवत न्हाई. अख्ख्या पत्रात बाळाचा एक शब्द न्हाई. सांगवत नसेल तर सांगू नको. माझं पहिलं गेलं तेव्हा तू जाफराबादला माझ्या माहेरी येऊन आठ दिवस उशाशी बसली होतीस आणि काहीसुद्धा बोलली नव्हतीस. मला तेवढंही करता येत न्हाई, याचा फार राग येतो. कुणाचा ते माहीत न्हाई.

आईंना सांगावं लागलं. त्या चुलीपुढं बसून राहिल्या, चूल विझली तरी. मंग उठल्या आणि तांदूळ भिजत घातले. तीन दिवस पाणी बदललं, कुटले, गुळात कालवले, खसखशीवर थापले. तेहेतीस अनारसे. एकही फसला न्हाई. एकेक कागदात गुंडाळून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरला, झाकणाला मी मेण लावलं. काल डबा मुंबईला गेला, तिथून बोटीनं येईल. अधिक संपायच्या आत पोचेल असं कचरू म्हणाला.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, अण्णांनी नाव काढलं. तेच म्हणाले, ‘जावयाचं वाण राहायला नको, पाठवा.’ डबा त्यांच्याच नावानं आहे. तांब्याच्या ताटलीत दिवा ठेवून दे त्याला. आणि रीत ठाऊक आहेच, भरून आलेला डबा रिकामा परत करायचा न्हाई.

जेवत जा. कामाला जातेस ते चांगलं करतेस.

प्रेमला


ओल्डहॅम
३ मे १९५३

तीर्थरूप अण्णांस सुहासिनीचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्ही परत करणार न्हाई, हे माहीत असल्यामुळं अक्षर जपून काढतेय. आधी तीन पत्रं लिहिली तेव्हा एवढं जपलं नव्हतं.

डबा गुरुवारी आला. झाकण उघडलं आणि तुपाचा वास खोलीभर झाला. तेहेतीसच्या तेहेतीस शाबूत. तांब्याची ताटली न्हाई, म्हणून पितळेची घेतली. टॉमसला नवा सदरा घालायला लावला, जमिनीवर चादरीची घडी टाकून बसवला. त्याला मांडी घालता येत न्हाई, एक पाय सारखा बाहेर येत होता. हॉवर्थबाईंना साक्षीला बोलावलं. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी हे तुला दिलंय. तो दोन्ही हातांनी ताटली धरून बसला आणि कितीतरी वेळ खाईना. मग म्हणाला, ‘त्यांना सांग, मी नीट सांभाळीन.’ अनारशांबद्दल बोलला न्हाई तो, मला कळलं.

अण्णा, तुम्हांला कुणी सांगितलं असेल, नसेल, मीच सांगते. जानेवारीत मुलगा झाला. दिवस भरले नव्हते. तो एक दिवस होता. त्याचं कपाळ तुमच्यासारखं रुंद होतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, टॉमसला सुद्धा, कारण त्यानं तुम्हांला पाहिलेलं न्हाई.

त्यानंतर चार आठवडे मी दार उघडलं न्हाई. पण दर शुक्रवारी दाराबाहेर घासल्याचा आवाज यायचा. हॉवर्थबाई माझी पायरी घासत होत्या. एकदा त्या आजारी पडल्या तर पलीकडच्या घरातली दुसरी आली. या गल्लीत जिच्या घरात दुःख असतं तिची पायरी काळी राहू देत न्हाईत. पाचव्या शुक्रवारी मी दार उघडलं आणि त्यांच्या हातातला दगड घेतला. हॉवर्थबाई म्हणाल्या, पांढरी रेघ आठ दिवसांत पुसते म्हणून कुरकुरू नकोस, जिच्या दारी माणसं येतात तिचीच पुसते. त्या दिवसापासून मी इथली झाले असं म्हणायला हरकत न्हाई. तिथलीही आहे ना, एवढं तुमचा डबा येईपर्यंत कळत नव्हतं.

डबा रिकामा परत करायचा न्हाई. टॉमस म्हणाला त्यात काहीतरी भारी भरू. मी तोच दगड भरलाय, सहा वड्या. बोटीनं येईल. आईला सांगा, ओल्या पायरीवर कडेनं फिरवायचा.

तुम्ही वाण दिलंत. आता मला काही नको.

आपली
सुहासिनी


भोकरदन
२४ मे १९५३

सुहास,

हे पत्र बसून वाच.

तुझं अण्णांच्या नावचं पत्र १६ तारखेला आलं. कचरूनं थैला ओतला, अण्णा लावत बसले, आणि ते पाकीट हातात आल्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी दौत पुढं ओढली, टाक बुडवला. मी दारातच उभी होते. मला कळलं की आता ते नकार लिहिणार आणि तू तिथं पाकीट बघशील. मंग माझ्या तोंडून निघालं. म्हटलं, अण्णा, वाण मी पाठवलं, तुमच्या नावानं पाठवलं, तुम्ही सांगितलं असं मीच लिहिलं, ती तुमचे आभार मानत असेल.

खरं हे आहे, सुहास. अण्णा काही म्हणाले न्हाईत. पाठवा म्हणाले न्हाईत, नाव काढलं न्हाई. तुझं ‘बाकी सगळं ठीक’ वाचलं आणि मला दुसरं काही सुचलं न्हाई. खोटं बोलले. तेही तुझ्याशी.

अण्णा रागावले न्हाईत. रागावले असते तर पाय धरले असते. टाकावरची शाई सुकली. त्यांनी टाक ठेवला, पाकीट उघडलं न्हाई, नकारही लिहिला न्हाई, उठून ते देवळीत, समईच्या मागं ठेवलं. तेव्हापासून ते तिथंच आहे. घरात कुणी त्याला हात लावत न्हाई. दिवा लावताना मी सुद्धा नजर वळवते.

तू काय लिहिलं असशील त्यात, ते मला माहीत न्हाई. पण मला वाटतं, मनातलं सगळं लिहिलं असशील. तेच मला खातंय.

माफ कर असं म्हणत न्हाई. तुझ्या जागी मी असते तर केलं नसतं.

प्रेमला


ओल्डहॅम
२० जून १९५३

प्रेमला,

चार पत्रं लिहून फाडली. त्यांत तुला नाही नाही ते बोलले होते, ते सगळं पोचलं असं समज.

मी टॉमसला सांगितलं की ते वाण माझ्या वडिलांनी दिलंच नव्हतं. तो म्हणाला, तांदूळ कुणी भिजवले? म्हटलं, आईनं. डब्याला मेण कुणी लावलं? म्हटलं, प्रेमलानं. म्हणाला, मग एवढ्या दोघींनी तर मला घेतलं, माझ्या घरच्यांपेक्षा एकानं जास्त. त्याच्या घरून आमच्या लग्नाला एकटी त्याची बहीण आली होती, हे मी तुला कधी लिहिलं नव्हतं. तुझंमाझं दोघींचं लपवणं सारखंच.

तुझ्या त्या खोट्यामुळं मी दोन महिने पोटभर जेवले, झोपले, हसलेसुद्धा. ते परत घेता येत न्हाई, आणि मला परत द्यायचंही न्हाई. तेव्हा रडू नकोस.

अण्णांचं पत्र देवळीत राहू दे. मी त्यांना पुन्हा लिहिणार न्हाई. लिहायचं होतं ते त्यात आहे.

तुझीच सुहास


भोकरदन
१० जुलै १९५५

चि. सौ. सुहासिनी व चि. टॉमस यांस अनेक आशीर्वाद.

तुझे ३ मे १९५३ चे पत्र मला १६ मे १९५३ रोजी मिळाले. ते मी काल, ९ जुलै १९५५ रोजी उघडले. दोन वर्षे, एक महिना, तेवीस दिवस. माझ्या सगळ्या नोकरीत कुठल्याही पत्रास इतका उशीर झाला नव्हता. पत्राला दोनच वाटा असतात, पोहोचवायचे किंवा परत करायचे. मी दोन्ही केले नाही. पडून राहिलेल्या पत्राबद्दल मी हाताखालच्या माणसांचे पगार कापले आहेत. घरच्या देवळीत मी तेच केले, आणि रोज समई लावताना पाहत राहिलो.

उघडण्याचे कारण असे झाले. तुझा डबा त्या वर्षी श्रावणात आला. तुझ्या आईने ते दगड जपून, सणावारीच वापरले, आणि मला काही सांगितले नाही. मीही विचारले नाही. पायरीची कड पांढरी दिसे, मी ती ओलांडून जाई. परवा ती म्हणाली, दगड संपत आला, लेकीला लिहा. मी म्हणालो, सूनबाई लिहितील. सूनबाई म्हणाल्या, मनगट दुखते. तुझ्या दादाचे, मार्तंडाचे, त्याच दिवशी वाटूरला काम निघाले. घरात कट झाला की मला कळत नाही, असा सगळ्यांचा समज आहे. तुझा पत्ता पाहायला म्हणून पाकीट हाती घेतले. ते उलटले, पत्ता वाचला, आणि पुन्हा समईमागे ठेवणे मला जमले नाही.

सुहास, मी त्या मुलाचा आजोबा होतो. तो आला आणि गेला, आणि मी ओट्यावर बसून गावाची पत्रे लावत होतो. तू मला त्याचे कपाळ सांगितलेस आणि मी ते दोन वर्षे बंद ठेवले. माझ्या लेकीची पायरी परक्या बायकांनी घासली, आणि माझी पायरी मी तिला बंद केली होती. त्या हॉवर्थबाईंना माझा नमस्कार सांग. नुसता सांगू नकोस, वाकून कर.

आता वाणाबद्दल. माझ्या नावाने गेलेले वाण माझ्या हातचे नव्हते. सूनबाईंना मी काही बोललो नाही व बोलणारही नाही, पण ते वाण मी धरत नाही. माझे वाण अजून द्यायचे राहिले आहे. येत्या भाद्रपदात अधिक आहे. तुझी आई तांदूळ भिजवायला निघाली होती, मी थांबवले. वाण टपालाने देत नाहीत, हे मी पोस्टमास्तर असून सांगतो. जावयाने पाटावर बसायचे आणि सासऱ्याने त्याच्या हातात द्यायचे. पाय बाहेर आला तरी चालेल. यंदा जमत नसेल तर पुढचा धोंडा अठ्ठावन्न साली श्रावणात आहे. तोवर थांबेन. वय त्रेसष्ट झाले, तेव्हा फार ताणू नये.

दगडाचा शेवटचा तुकडा बोटात धरवत नव्हता एवढा उरला होता. आज सकाळी पायरी धुतली आणि तो मी स्वतः कडेने फिरवला. गुडघे टेकावे लागले. कचरू थैला घेऊन आला आणि बघत उभा राहिला. त्याने विचारले, अण्णा, कोण येणार आहे? मी सांगितले, लेक आणि जावई.

रेघ ओली आहे. ती पुसायला तुम्हीच यावे. दगड मात्र संपला, तो येताना आणावा.

तुझे
अण्णा